गच्चीवरच्या पत्र्यांचा सत्कार

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? कल्पना करा, की हैदराबादेत, अंबरपेठेतल्या एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत तुम्ही सतरंजीवर मांडी घालून बसला आहात. रविवारची सकाळ आहे. समोर फळा आहे आणि फळ्यासमोर मी आहे. मी म्हणजे एकनाथराव मास्तर. नारायणगुड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, आणि निवृत्त झालोय हे अजून न पटलेला माणूस. तुम्ही घरात मराठी बोलता, मित्रांशी तेलुगू बोलता, ऑटोवाल्याशी हैदराबादी हिंदी बोलता आणि वाचता मात्र इंग्रजी, फार तर शाळेपुरतं तेलुगू. म्हणून तुमच्या आईबाबांनी तुम्हाला माझ्याकडे मराठी वाचायला धाडलं आहे. तुमच्या डोक्यावर करड्या रंगाचा नागमोडी सिमेंटचा पत्रा आहे. आणि त्या पत्र्यावर माकड आहे.

माकड एकटं नाही, सहकुटुंब आहे. तुम्ही वहीत 'ळ' काढता आहात. 'ळ' काढताना जीभ किंचित बाहेर येते, तशी तुमची आलेली आहे. एवढ्यात माकडांच्या कर्त्या पुरुषाने वरून उडी मारली. कडाड् असा आवाज झाला, पत्र्याला हातभर चीर गेली आणि तुमच्या वहीवर, केसांवर, सतरंजीवर पिठासारखं काहीतरी बारीक भुरभुरलं.

तुम्ही काय कराल?

माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्या पिठात बोटाने हसरा चेहरा काढला. माझी नात प्रणिता चौथीत आहे आणि तिला वही स्वच्छ लागते. ती फुंकर मारायला वाकली.

मी आयुष्यभर वर्गात कधी ओरडलो नाही. त्या दिवशी ओरडलो. "कुणी फुंकू नका! कुणी झटकू नका! उठा आणि सरळ खाली चला!" मुलं इतकी चकित झाली, की रांगेत गेली.

खाली नेऊन मी त्यांचे चेहरे, हात, केस ओल्या फडक्याने पुसले, आणि कपडे बदलून ते न झटकता वेगळे भिजवायची चिठ्ठी प्रत्येकाच्या आईला दिली. मग मी वर गेलो, तर दारात आमच्या सौभाग्यवती, म्हणजे पद्मावती, झाडू घेऊन उभ्या.

"सरका," ती म्हणाली. "झाडून घेते."

"झाडू लागणार नाही."

"मग काय लागणार? हळद-पिंजर?"

"पद्मा, हे अ‍ॅस्बेस्टॉस आहे. झाडूने उडतं. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं पिशवीत बांधून ठेवायचं."

"चांगलं फडकं?"

"चांगलं फडकं."

पद्मावतीने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी माझं पेन्शन त्या फडक्यात बांधून ठेवायला निघालो आहे. पण मी दारातून हललो नाही. आमच्या संसारात झाडूचा असा पराभव त्याआधी झालेला नव्हता.

आता तुम्हाला हे अ‍ॅस्बेस्टॉस काय ते सांगतो, कारण मास्तर आहे आणि सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. हा एक दगड आहे. पण असा दगड, की तो पिंजला तर कापसासारखे धागे निघतात. जळत नाही, कुजत नाही. मग माणसांनी तो सिमेंटमध्ये कालवला आणि त्याचे पत्रे केले. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो तोवर तो गरीब बिचारा. मधमाश्यांचं पोळं कसं, आपण ढोसलं नाही तर आपल्या कामात असतं, तसं. पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नये, फार तर रंग लावून गप्प बसावं. पण फोडला, कापला, त्यात भोक पाडलं, की ते धागे सुटतात. केसापेक्षा कितीतरी बारीक. दिसत नाहीत, वास नाही, खोकलासुद्धा येत नाही. श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. शरीराला ते पचवता येत नाहीत आणि बाहेरही काढता येत नाहीत. आजार दिसतो तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी. म्हणजे मला त्याची फारशी भीती नाही. तेवढा मी टिकणार नाही. पण चौथीतल्या मुलीला आहे.

म्हणून मी त्या दिवशी ठरवलं: हे पत्रे माझ्या वर्गावरून उतरतील, न फुटता उतरतील, आणि पुन्हा कुठल्याही मुलाच्या डोक्यावर चढणार नाहीत. तोवर गच्चीवरचा वर्ग बंद.

ठरवणं सोपं होतं. आमची गल्ली आडवी आली.

आमच्या वसाहतीचे अध्यक्ष हिम्मतराव. ते मूळचे नांदेडकडचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले आणि माझ्यासारखेच ते न पटलेले. ते संध्याकाळी आले, पत्र्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "डांबर लावा. वर पोतं चिकटवा. शंभर वर्षं बघायला नको."

"हिम्मतराव, हे विषारी आहे."

"मास्तर, आमचं आख्खं बालपण असल्या पत्र्याखाली गेलं. झालं का काही आम्हाला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण शेजारधर्माने मी ते गिळलं.

समोरच्या सत्तम्मा दरवर्षी उन्हाळ्यात तांदळाचे वडियालु घालतात, म्हणजे आपल्या सांडग्यांसारखाच प्रकार. त्यांनी काढलेले पत्रे आतापासूनच मागून ठेवले. "सार, दो रेकुलु मेरेकू देव," त्या म्हणाल्या. रेकुलु म्हणजे पत्रे. "उसके ऊपर वडियालु क्या मस्त सूखते! नीचे से बी गरम, ऊपर से बी गरम."

खाण्याचा पदार्थ, अ‍ॅस्बेस्टॉसवर! मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या, "नै देना है तो सीधा बोलो ना सार. कायकू इत्ती बड़ी कहानी?"

आणि वरच्या मजल्यावर आमचा भाडेकरू गौतम. पुण्याचा, कंप्यूटरवाला, मुलगा हुशार. त्याने तासाभरात मला इंटरनेटवरचे चाळीसेक व्हिडिओ पाठवले. "काका, अमेरिकेत यासाठी लायसन्स असलेली टीम येते. घराला पूर्ण तंबू ठोकतात, आतली हवा यंत्राने ओढून गाळतात."

"आपल्याकडे कोण येतं?"

गौतमने शोधलं, पुष्कळ शोधलं. "आपल्याकडे," तो म्हणाला, "यादगिरी येतो."

यादगिरी आमच्या भागातला मेस्त्री. तो आला, पण काळे कपडे, अनवाणी पाय, गळ्यात माळ आणि छातीपर्यंत यायच्या बेतात असलेली दाढी. त्याने अय्यप्पाची दीक्षा घेतली होती. आमच्याकडे कार्तिकात निम्मे मेस्त्री अय्यप्पाचे होतात. दीक्षेत दाढी करायची नाही, चप्पल घालायची नाही आणि भेटेल त्याला 'स्वामी' म्हणायचं.

"क्या है स्वामी, आठ पत्रे," यादगिरी म्हणाला. "दो हथौड़ी मारा तो पूरा नीचे. दोपहर तक खलास."

"हातोडी नाही, यादगिरी. एकही फोडायचा नाही. आणि हा मास्क लावायचा." मी गौतमकडून मागवलेला जाड मास्क त्याला दाखवला. साध्या कापडाचा नव्हे, धागे अडवणारा. यादगिरीने तो लावला. दाढीच्या जंगलातून चहूबाजूंनी हवा आत जात होती. मास्क त्याच्या तोंडावर होता खरा, पण एखाद्या झाडावर घरटं असावं तसा.

"स्वामी, दाढी काढावी लागेल."

त्याने कानांना हात लावले. "दाढ़ी का नाम नक्को लेव स्वामी. शबरीमला जाके आने के बाद."

आता सांगा, यावर काय बोलाल? मी विज्ञानाचा मास्तर आहे, पण माणसाच्या व्रताला हात घालणारा मास्तर नाही. आणि मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर तो न लावल्यासारखाच, हेही खरं. यादगिरी शबरीमलाहून संक्रांतीनंतर येईपर्यंत काम पुढे गेलं. तेवढा काळ मी चिरेवर जाड प्लॅस्टिक चिकटवून खोलीला कुलूप लावलं आणि वर्ग खाली आमच्या दिवाणखान्यात भरवला. पद्मावतीच्या मालिका त्याच वेळेला असल्यामुळे त्या काळात मुलांचं मराठी सुधारलं नाही, पण सासूला कसं बोलू नये हे त्यांना नीट कळलं.

मास्कची ती परीक्षा चालली होती तेव्हाच प्रणिताने माझ्याकडे बोट केलं होतं. "आजोबा, पण तुमची पण दाढी आहे."

मुलांनो, माझी दाढी साधीसुधी नव्हती. पांढरीशुभ्र, छाटलेली, तिच्यामुळे बँकेत लोक मला खुर्ची देत. पण यादगिरी वर चढणार आणि मी खाली हात बांधून उभा राहणार, हे मला मान्य नव्हतं. यादगिरी परत आला तो गुळगुळीत होऊन. त्याच दिवशी मीही नारायणगुड्याला जाऊन न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. घरी आलो तर पद्मावतीने माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "किती वर्षांनी तुमची हनुवटी पाहिली," ती म्हणाली. "होती तशीच आहे. बारीकच."

काम आम्ही वारा नसलेल्या सकाळी केलं. शेजाऱ्यांना खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. प्रणिताला गौतमच्या घरी बंद खिडकीमागे बसवलं. ती भयंकर चिडली. "पत्र्यांवर लावायची लेबलं मी लिहिली ना? तेलुगूतसुद्धा? मग मला का नाही वर?"

"कारण ते सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

"मग मला बघू द्या ना!"

मी दार लावून घेतलं.

मग अंगभर पांढरे, एकदाच वापरायचे कागदी सूट, टोप्या, हातमोजे, मास्क, असे आम्ही दोघं गच्चीवर उभे राहिलो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून झाडांना मारायच्या पंपाने पत्रे हलक्या हाताने भिजवले. जोराचा पाइप मारायचा नाही, त्याने धागे उडतात. ओलं असेल तर उडत नाही. मग नट-बोल्ट एकेक करून भिजवून, सैल करून काढले. आणि प्रत्येक पत्रा, न आपटता, न ओढता, तान्ह्या मुलासारखा दोघांनी हातांवर घेऊन खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकवर निजवला. चिरेतून आधीच पडलेले तुकडे ओल्या फडक्याने उचलले. जाड प्लॅस्टिक दोन वेळा गुंडाळलं, चिकटपट्टी मारली आणि त्यावर प्रणिताची लेबलं लावली. तेलुगू, मराठी, इंग्रजी: 'धोका. अ‍ॅस्बेस्टॉस. फोडू नका. उघडू नका.'

शेवटी सूट ओले करून, उलटे करत उतरवून तेही पिशवीत बांधले. यादगिरीचा जीव तुटला. "नया का नया ड्रेस है सर! एक बार पहन के फेंक देना? मेरी साली की शादी है."

एकही पत्रा फुटला नाही. चीर गेलेलासुद्धा अखंड उतरला. मला वाटलं, युद्ध संपलं.

मुलांनो, इथे माझी चूक झाली नाही, पण माझा अंदाज चुकला. मी समजत होतो, की लोकांना धोका दाखवला की लोक लांब जातात. गल्लीने काय पाहिलं ते बघा. खिडक्या बंद करायला लावून दोन पांढरे पुतळे गच्चीवर हळुवार काहीतरी उचलतायत. पाणी शिंपडतायत. दुहेरी प्लॅस्टिक, चिकटपट्टी, वर तीन भाषांत 'फोडू नका'. आमच्या गल्लीत 'फोडू नका' फक्त टीव्हीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं.

ते गाठोडं खाली वसाहतीच्या सामायिक पार्किंगमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. एकाला वाटलं, निजामाच्या वेळचा दरवाजा सापडला. एकाला वाटलं, म्युझियमवाले न्यायला येणार आहेत. मी म्हणायचो, "अहो, विषारी पत्रे आहेत!" तर ते डोळे मिचकावून म्हणायचे, "हौ मास्तर, हौ. हमकू समझा." जितका मी सांगायचो, तितका भाव वाढायचा. सत्तम्मा येऊन प्लॅस्टिकवरून हात फिरवून गेल्या. "इत्ता अच्छा पैक करे," त्या दुखावल्या सुरात म्हणाल्या, "और मेरेकू बोले जहर है."

गाठोडं कायमचं घालवायचं तर नामपल्लीला जावं लागणार होतं, तिथल्या एका सरकारी कार्यालयात. त्याचं नाव घेत नाही, कारण शेवटी त्यांनी काम केलं. पहिल्या खिडकीतला म्हणाला, "पत्रे? म्हणजे बांधकामाचा कचरा. पलीकडे." पलीकडचा म्हणाला, "अ‍ॅस्बेस्टॉस? मग धोकादायक कचरा. वरच्या मजल्यावर." वरच्या मजल्यावर विचारलं, "तुमचा कारखाना कोणता?"

"कारखाना नाही. घर आहे."

"घरातून धोकादायक कचरा निघत नाही. कारखान्यातून निघतो."

"मग माझ्या घरातून काय निघालं?"

"बांधकामाचा कचरा. खाली विचारा."

मी खाली विचारलं. खालच्याने वर पाठवलं. मी पुन्हा वर गेलो. तुम्हाला वाटेल, मास्तर कंटाळले असतील. अहो, मी सातवीच्या मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवलंय. एका खिडकीची काय बिशाद मला थकवायची? मी रोज जाऊ लागलो. डबा घेऊन जायचो. दारावरचा शिपाई मला सलाम करायला लागला. त्याला वाटलं, मी तिथलाच आहे.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या अनुराधा मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "मास्तर, तुम्ही असेच रोज येणार का?"

"रोज येणार."

"मग तुमचं काम करून टाकणंच सोपं." त्यांनी दोन-तीन फोन केले. उप्पलकडच्या एका बंद गोदामाचे असेच पत्रे उचलायला एक गाडी जाणार होती. ते शहराबाहेरच्या, अशाच कचऱ्यासाठी बांधलेल्या खड्ड्यात कायमचे पुरले जाणार होते. "रविवारी सकाळी तुमच्याकडून जाईल. पण ड्रायव्हर थांबणार नाही. माल गुंडाळलेला हवा आणि गाडी थेट मालापर्यंत जायला हवी. नाही जमलं, तर पुढची गाडी कधी, ते मला नका विचारू."

शनिवारी संध्याकाळी मी नामपल्लीहून जवळजवळ गात घरी आलो. पार्किंग रिकामं होतं.

"गाठोडं कुठंय?" मी पद्मावतीला विचारलं.

"हिम्मतराव घेऊन गेले. उद्या तुमचा सत्कार आहे ना?"

"माझा? कशाबद्दल?"

"दानाबद्दल," ती म्हणाली. "मला वाटलं, शेवटी ह्यांना काहीतरी सुचलं."

मी तसाच हिम्मतरावांकडे गेलो. ते फ्लेक्सच्या मजकुरावर शेवटचा हात फिरवत होते. "मास्तर, नियम आहे," ते म्हणाले. "पार्किंगमध्ये इतके दिवस पडलेली वस्तू सोसायटीची. पण मी काय तुमचा मान ठेवणार नाही? दान म्हणून जाहीर केलं. पार्कात मुलांसाठी कट्टा बांधतोय, वर छप्पर हवं होतं. उद्या नेते येतायत उद्घाटनाला. तुम्हाला शाल, श्रीफळ, सगळं."

"मुलांसाठी?" माझा आवाज चिरकला. "मुलांच्या डोक्यावर? हिम्मतराव, मी ते पत्रे मुलांच्या डोक्यावरून काढलेत!"

"मग मुलांच्याच डोक्यावर जातायत. अजून काय पाहिजे?"

"उद्या सकाळी गाडी येतेय. मी ते परत नेणार."

"फ्लेक्स छापून झालाय, मास्तर," हिम्मतराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

रविवारी सकाळी, गाडी आली की पार्काकडे पाठवायला गौतमला घराशी उभं करून मी पार्कात पोचलो तेव्हा मांडव घातलेला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, डप्पूवाले आपले डफ शेकत होते. फाटकाला आडवी लाल रेशमी फीत बांधली होती. लोक तिच्याखालून वाकून आत येत होते, कारण नेते येऊन कापेपर्यंत तिला धक्का लावायची हिम्मतरावांनी सक्त मनाई केली होती. कट्ट्याचा लोखंडी सांगाडा उभा होता. शेजारी माझं गाठोडं, त्याला झेंडूची माळ. आणि त्याच्याशेजारी एक वेल्डर, हातात भोकं पाडायचं मशीन, वायर खांबाला जोडलेली. पाहुण्यांसमोर प्लॅस्टिक उघडायचं, पत्र्यांना भोकं पाडायची आणि तिथल्या तिथे छप्पर चढवायचं, असा कार्यक्रम होता. पुढच्या रांगेत मुलं बसवली होती. माझीच मुलं. रविवारच्या वर्गातली.

फ्लेक्सवर माझा फोटो होता, पूर्वीच्या दाढीसकट. दोघातिघांनी मलाच विचारलं, "ते दाते अजून आले नाहीत का?"

मला मंचावर नेलं. शाल पुढे आली. मी दोन्ही हात मागे घेतले. "मी ही घेणार नाही," मी मोठ्याने म्हणालो. टाळ्या पडल्या. लोकांना तो विनय वाटला. मी माइक ओढून घेतला. "बंधुभगिनींनो, हे दान नाही. हा विषारी कचरा आहे!" आणखी टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं देऊन कचरा म्हणतायत. माणूस मोठा आहे." मग मी तेलुगूत बोललो. माझं तेलुगू ऐकून लोक नेहमीच हसतात. त्या दिवशीही हसले. हिम्मतरावांनी हसत हसत माइक माझ्या हातातून काढून घेतला.

ठीक आहे. मी मंचावरून उतरलो आणि गाठोडं आणि वेल्डर यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, हात पसरून. पद्मावती दुसऱ्या रांगेतून उठली. मला वाटलं, मला घरी न्यायला येतेय. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनेही हात पसरले. "झाडूसुद्धा मारू दिला नव्हता ह्यांनी मला," ती वेल्डरला म्हणाली. "तू मशीन मारतोस होय?"

वेल्डरला मराठी येत नसावं, पण त्याने मशीन खाली केलं.

"मास्तर, वहिनी, नाटक पुरे," हिम्मतराव दात आवळून म्हणाले. "नेते आले की उघडणार म्हणजे उघडणार. तुम्हाला उचलून बाजूला करायला माणसं आहेत माझ्याकडे."

"उचला," मी म्हणालो. "पण हळू. मीही जुना आहे, फुटेन."

त्याच वेळी बाहेर हॉर्न वाजला. सगळे वळले. हिम्मतरावांनी टोपी सारखी केली. पण ते नेते नव्हते. फाटकाबाहेर एक मोठा बंद ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर खिडकीतून विचारत होता, "अ‍ॅस्बेस्टॉस इदरीच क्या? जल्दी बोलो, मेरेकू उप्पल जाना है."

"इथंच!" मी ओरडलो.

"फीत आहे!" हिम्मतराव माझ्याहून मोठ्याने ओरडले. "नेते आल्याशिवाय एक गाडी आत येणार नाही! वॉचमन, बघ!"

ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. फितीकडे पाहिलं. गिअर टाकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी जागा सोडली, तर मागे मशीन. नाही सोडली, तर गाडी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच मला काय करावं ते कळेना.

आता अशा समारंभात एक पद्धत असते, ती तुम्हाला ठाऊक असेल. कात्री पाहुण्याच्या हातात थेट देत नाहीत. परकर-पोलक्यातली एखादी मुलगी चांदीच्या तबकात, मखमलीवर ठेवून ती घेऊन उभी असते. त्या दिवशी ते काम दात्याच्या नातीकडे आलं होतं. प्रणिता सकाळपासून तबक धरून मंचाच्या पायरीवर उभी होती.

ती चालायला लागली. धावली नाही. तबक दोन्ही हातांनी छातीशी धरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, अगदी शिकवल्यासारखी सरळ चालत निघाली. लोकांना वाटलं, पाहुणे आले. लोक बाजूला झाले. वॉचमनने तर तिला सलाम केला. फाटकापाशी तिने तबक वॉचमनच्या हातात दिलं, कात्री उचलली आणि लाल फीत कापली.

फीत कापली की वाजवायचं, एवढंच डप्पूवाल्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी वाजवलं. फीत कापली की टाळ्या वाजवायच्या, हे आमच्या लोकांना न सांगताच येतं. त्यांनी वाजवल्या.

"अगं ए! कुणी सांगितलं तुला?" हिम्मतराव टोपी सावरत धावले. "उद्घाटन होतं ते!"

"मुलांसाठीच आहे ना काका?" प्रणिता म्हणाली. "मी केलं."

आणि कात्री मिटून तबकात परत ठेवून, ती ट्रकच्या बाजूला, ड्रायव्हरला आरशात नीट दिसेल अशी, अंतर राखून उभी राहिली. डप्पूच्या गजरात ट्रक वळला आणि मागे मागे येऊ लागला. वर्गातली बाकीची मुलं तिने हाताने लांब थोपवली, वेल्डरला बोटाने बाजूला व्हायला सांगितलं, मग आम्हा दोघांनाही सांगितलं. आणि परकराचा घोळ एका हातात धरून, दुसरा हात हलवत, साऱ्या अंबरपेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ती ड्रायव्हरला म्हणत राहिली, "आने दो, आने दो… धीरे, अंकल, फूटना नै… आने दो… बस!"